मोल-प्रवाहाचा आकडा जुळत नाही, तेव्हा: ताशी, मिनिटाला आणि सेकंदाला यांतला घोळ शोधण्याची रीत

लक्षणे

पॅनेलवर दिसणारा हायड्रोजनचा प्रवाह आणि प्रोसेस विभागाच्या तक्त्यातला प्रवाह यांत फरक पडतो, आणि दोन्हीकडची माणसे आपापल्या आकड्यावर ठाम असतात. शिफ्टअखेरचा टोटलायझर (एकूण किती वायू गेला त्याची बेरीज ठेवणारा मोजक) "सरासरी प्रवाह गुणिले तास" या साध्या हिशेबाशी जुळत नाही. सिम्युलेशन चालते, पण त्यात एक तर अभिक्रिया सुरूच होत नाही किंवा उत्प्रेरकाच्या थराच्या पहिल्या वीतभरातच संपून जाते. महिनाअखेरीस दर टन मालामागे हायड्रोजनचा खप अचानक आठ-नऊ टक्क्यांनी वाढलेला दिसतो, गळती मात्र कुठेच सापडत नाही. यांपैकी एक जरी लक्षण असले, तरी मीटर उघडण्याआधी पुढील तपासण्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात. सुरुवातीच्या तपासण्यांना कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो. शेवटच्या तपासणीत फक्त पाहायचे असते; त्यापुढे काही उघडायचे असेल, तर परमिट (कामाची लेखी परवानगी) लागते.

"आत गेलेले मोल आणि बाहेर आलेले मोल जुळत नाहीत" हे लक्षण मी मुद्दाम वगळले आहे, कारण ते बहुतेक वेळा लक्षणच नसते. मोल हे रेणूंच्या मोजणीचे एकक आहे; अभिक्रियेत वस्तुमान टिकते, मोलांची संख्या टिकेलच असे नाही. नायट्रोबेंझीनचा एक मोल आणि हायड्रोजनचे तीन मोल मिळून ॲनिलीनचा एक मोल आणि पाण्याचे दोन मोल तयार होतात, म्हणजे आत चार आणि बाहेर तीन. नव्याने आलेला इंजिनिअर दरवर्षी या पायरीवर अडखळतो, आणि त्यात वावगे काही नाही, पण त्यासाठी इन्स्ट्रुमेंटवाल्यांना रात्री उठवू नये.

पुढे सगळीकडे हेच उदाहरण वापरतो. ताशी ५०० किलो नायट्रोबेंझीन रिअ‍ॅक्टरला दिले जात आहे असे धरू. रेणुभार १२३.११, म्हणून ते ताशी ४.०६१ किलोमोल होते, आणि तिप्पट हायड्रोजन म्हणजे ताशी १२.१८ किलोमोल. हाच प्रवाह मिनिटाला २०३.१ मोल, सेकंदाला ३.३८ मोल, दिवसाला २९२.४ किलोमोल, ताशी २४.५६ किलो किंवा ताशी २७३ नॉर्मल (शून्य अंशांना मोजलेले) घनमीटर असाही लिहिता येतो. नळीतून जाणारा वायू तोच आहे, त्याची नावे सहा आहेत, आणि कारखान्यात ही सहाही नावे एकाच दिवशी, एकाच टेबलावर, वेगवेगळ्या कागदांवर सापडतात.

पहिली तपासणी: दोन आकड्यांचा भागाकार

दोन्ही आकडे एककांसह एका कागदावर लिहावेत आणि मोठ्याला लहानाने भागावे. ही सगळ्यांत स्वस्त तपासणी आहे आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक प्रकरणे येथेच संपली आहेत, कारण काळाच्या एककातली चूक नेहमी ठरलेल्या आकड्याची छाप सोडून जाते. गुणोत्तर ३.६ आले, तर कोणीतरी सेकंदाचे मोल आणि ताशी किलोमोल एकच मानले आहेत. १६.६७ आले, तर मिनिटाचे मोल आणि ताशी किलोमोल यांची गल्लत आहे. ६० असेल तर मिनिट, २४ असेल तर दिवस. नेमके १००० आले, तर काळ बरोबर आहे आणि फक्त "किलो" हरवला आहे. २.२०५ आले, तर काळाचा काही संबंध नसून अमेरिकी डेटाशीटवरचा पौंडमोल आत शिरला आहे. आपले ताशी १२.१८ किलोमोल तेथे ताशी २६.८६ पौंडमोल म्हणून छापलेले असतात.

खरी गंमत उलट्या दिशेने केलेल्या रूपांतरात आहे. भागायचे तेथे गुणले, तर चूक ३.६ पट न राहता ३.६ च्या वर्गाइतकी, म्हणजे १२.९६ पट होते. एका कारखान्यात ३.३८ च्या जागी ४३.८६ हा आकडा तीन दिवस फिरत होता. "सुमारे तेरा पट" हे गुणोत्तर कोणाच्याच ओळखीचे नसल्यामुळे संशय ओरिफिस प्लेटवर (प्रवाह मोजण्यासाठी नळीत बसवलेल्या भोकाच्या चकतीवर) गेला, आणि लाइन उघडण्याच्या परमिटचा मसुदाही तयार झाला. शेवटी कोणीतरी तेराच्या जवळपासच्या त्या आकड्याचे वर्गमूळ काढले, ते ३.६ निघाले, आणि परमिट फाडून टाकले गेले. तेव्हापासून गुणोत्तर ओळखीचे वाटले नाही की मी आधी त्याचे वर्गमूळ पाहतो. ३६०० आले तरी हीच दुहेरी शंका ठेवावी: ती तास आणि सेकंदांची सरळ गल्लत असू शकते, किंवा मिनिटांचे ६० उलट्या बाजूला लागलेले असू शकतात.

भागाकार एकदाच करून थांबू नये. वेगवेगळ्या वेळचे, शक्य तर वेगवेगळ्या भारावरचे तीन वाचन घेऊन तिन्हींचे गुणोत्तर काढावे. तिन्ही वेळा गुणोत्तर तेच आले, तर चूक एककाची किंवा रेंजची आहे. गुणोत्तर बदलते पण वजाबाकी तीच राहते, असे असेल तर मीटरचा शून्य सरकला आहे. दोन्ही बदलत असतील, तर चूक तासांच्या नोंदीत आहे किंवा मीटरच्या वर्गमुळाच्या हिशेबात आहे. एवढी वर्गवारी झाली की पुढच्या अर्ध्या तपासण्या गाळता येतात.

दुसरी तपासणी: रूपांतराची दिशा

काळ मोठा, तर आकडा मोठा. सेकंदाला जेवढे मोल जातात त्याहून मिनिटाला जास्त, मिनिटाहून तासाला जास्त. हे शेंबड्या पोरालाही कळते, तरी तक्ता भरताना चुकते, कारण बहुतेकांनी ०.२७७८ हा एकच गुणक पाठ केलेला असतो आणि तो कोणत्या बाजूला लावायचा ते ऐनवेळी आठवत नाही. हा गुणक पाठ करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मोलाचे रूपांतर एका ओळीत आणि काळाचे रूपांतर दुसऱ्या ओळीत करावे: ताशी १२.१८ किलोमोल म्हणजे ताशी १२,१८० मोल; तासात ३६०० सेकंद, म्हणून सेकंदाला ३.३८ मोल. एक ओळ जास्त लिहावी लागते, पण किलोमोलातला घटलेला आकडा आणि तासाचा वाढलेला आकडा एकमेकांना झाकत नाहीत. एकाच ओळीत दोन्ही केले की चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली ते नंतर शोधता येत नाही.

तिसरी तपासणी: लॉगशीटवरची वेळ

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण येथल्या चुका लहान असतात आणि खऱ्यासारख्या दिसतात. साठ पटीने चुकलेला आकडा कोणीही पकडतो. चार टक्क्यांनी चुकलेला आकडा वर्षभर अहवालात जातो.

लॉगशीटवर "२.३०" असे लिहिलेले असते. लिहिणाऱ्याच्या मनात अडीच तास असतात, तक्ता भरणाऱ्याच्या मनात दोन पूर्णांक तीन दशांश तास. तेवढ्यानेच ताशी प्रवाह पावणेनऊ टक्क्यांनी फुगतो. रात्री सव्वादहाला सुरू होऊन सकाळी सहाला संपलेली फेरी पावणेआठ तासांची असते. या फेरीत ९४.४ किलोमोल हायड्रोजन गेला असेल, तर ७.७५ ने भागून ताशी १२.१८ येतात आणि "७.४५" ने भागून १२.६७. चार टक्के हायड्रोजन कागदावर निर्माण झाला. येथे गुणोत्तर स्थिर राहत नाही हीच खूण: पूर्ण तासांच्या फेऱ्या तंतोतंत जुळतात आणि मिनिटे शिल्लक राहिलेल्या फेऱ्याच चुकतात. अशा वेळी तीन फेऱ्यांची सुरुवातीची आणि शेवटची वेळ मूळ लॉगशीटवरून घेऊन, मिनिटांत मोजून, ६० ने भागावी. पॅनेलवरच्या मुलाशी नीट बोलावे. त्याची नोंद बरोबर असते, फक्त बिंदूचा अर्थ वेगळा असतो. बिंदूऐवजी विसर्ग-चिन्हासारखे दोन ठिपके लिहायला सांगितले की निम्मा प्रश्न सुटतो.

उरलेला निम्मा एक्सेलमध्ये आहे. एक्सेल वेळ साठवते ती दिवसाच्या भागाच्या रूपात. घरात ७:४५ दिसत असले, तरी आत ०.३२२९ ही संख्या असते. ९४.४ ला त्या घराने भागले की उत्तर २९२.३ येते, आणि मथळ्यात "किलोमोल/तास" लिहिलेले असल्यामुळे वाचणारा दचकतो. आकडा चुकीचा नाहीच. तो दिवसाचा आहे. वेळेच्या घराला २४ ने गुणून मग भागावे, आणि गुणलेले घर वेळेच्या स्वरूपात न ठेवता साध्या संख्येच्या स्वरूपात ठेवावे. फेरी मध्यरात्र ओलांडून गेली असेल, तर शेवटातून सुरुवात वजा करताना उत्तर ऋण येते; त्यात १, म्हणजे एक दिवस, मिळवावा लागतो. ऋण उत्तर पाहून कोणी नुसते चिन्ह पुसून टाकले असेल, तर पावणेआठ तासांची फेरी सव्वासोळा तासांची होऊन बसते आणि ताशी प्रवाह निम्म्याहून खाली जातो.

चौथी तपासणी: कोणते तास

वर्षाचे ८७६० तास पंचांगात असतात, कारखान्यात नसतात. डिझाइनमध्ये वर्षाला ८००० तास किंवा ३३० दिवसांचे ७९२० तास धरण्याची पद्धत आहे. वर्षाला ४००० टन नायट्रोबेंझीन म्हणजे ८००० तासांच्या हिशेबाने ताशी ५०० किलो, पण ८७६० ने भागले तर ताशी ४५७ किलोच, आणि त्यामागोमाग हायड्रोजनही १२.१८ वरून ११.१३ किलोमोलवर येतो. गुणोत्तर १.०९५. दिवसाच्या पातळीवरही असेच होते: प्लँट साडेएकोणीस तास चालला आणि भागाकार चोविसाने केला. डिझाइनच्या कागदावर "प्रचालन तास" ही ओळ शोधावी. ती नसेल तर ज्याने कागद केला त्याला विचारावे, अंदाज बांधू नये.

पाचवी तपासणी: घनमीटर कोणत्या तापमानाचा

वायूचा मीटर बहुधा मोल दाखवत नाही, घनमीटर दाखवतो, आणि मोल कोणीतरी त्यातून काढलेले असतात. ० अंश सेल्सियस आणि १०१.३२५ किलोपास्कल दाबाला आदर्श वायूचा एक किलोमोल २२.४१४ घनमीटर जागा घेतो, १५ अंशांना २३.६४५, २० अंशांना २४.०५५ आणि २५ अंशांना २४.४६५. "नॉर्मल" म्हणजे सहसा शून्य अंश. "स्टँडर्ड" म्हणजे काय, हे मात्र प्रत्येक उत्पादकाने आपापल्या परीने ठरवलेले आहे. त्यामुळे १.०५५, १.०७३ किंवा १.०९२ असे स्थिर गुणोत्तर दिसले, तर काळाच्या एककाच्या मागे न लागता मीटरच्या पाटीवरचे संदर्भ तापमान वाचावे. शेवटचे १.०९२ आणि वर सांगितलेले वार्षिक तासांचे १.०९५ हे इतके जवळ आहेत की महिन्याच्या अहवालातून त्यांना वेगळे करता येत नाही. एका तासाचे वाचन घेऊनच निवाडा करावा, कारण एका तासाच्या वाचनात वार्षिक तासांचा प्रश्नच येत नाही. दाबाचा संदर्भ १०० किलोपास्कल असेल तर आकार २२.७११ घनमीटर होतो आणि फरक १.३ टक्का पडतो.

सहावी तपासणी: सॉफ्टवेअरमधील एककांचा संच

ॲस्पेन प्लस, डीडब्ल्यूसिम आणि हायसिस ही सिम्युलेशनची सॉफ्टवेअरे आहेत. ॲस्पेन प्लसमध्ये एसआय संच निवडला, तर मोल-प्रवाह सेकंदाला किलोमोलमध्ये मागितला जातो. मेट्रिक-बार संचात तो ताशी किलोमोल असतो आणि इंग्लिश संचात ताशी पौंडमोल. डीडब्ल्यूसिमचा एसआय संच सेकंदाला मोल मागतो. हायसिसमध्ये दिसणारा "किलोग्रॅममोल" म्हणजे आपला किलोमोलच. तेथे काही रूपांतर करू नये. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पामुळे डीडब्ल्यूसिम अनेक महाविद्यालयांत पोहोचले आहे, आणि तेथून आलेली मुले कारखान्यात ॲस्पेनवर बसली की पहिल्या आठवड्यात हजार पटीची चूक ठरलेली असते, कारण दोन्हीकडे "एसआय" हाच शब्द लिहिलेला असतो.

"अभिक्रिया होतच नाही" किंवा "वीतभरात संपते" हे लक्षण असेल, तर प्रवाहाकडे न पाहता वेग-स्थिरांकाकडे पाहावे. प्रयोगशाळेतील स्थिरांक बहुधा मिनिटाचा असतो, सॉफ्टवेअर सेकंदाचा मागते. अभिक्रिया प्रथम कोटीची असो वा द्वितीय, काळाचे ६० एकदाच लागतात. कोटी दोन आहे म्हणून ६० चा वर्ग करणारे मी पाहिले आहेत. कोटीप्रमाणे बदलतात ती संहतीची एकके, काळाचे नव्हे.

सातवी तपासणी: टोटलायझर आणि रेंज

येथपासून हात खिशात ठेवून फक्त पाहायचे आहे.

टोटलायझर म्हणजे दर ठरावीक क्षणाला प्रवाहाचा तुकडा जोडत जाणारी बेरीज. प्रवाह ताशी किलोमोलमध्ये असेल आणि बेरीज दर सेकंदाला होत असेल, तर प्रत्येक वेळी ३६०० ने भागलेला तुकडा जोडला गेला पाहिजे. ताशी १२.१८ च्या स्थिर प्रवाहावर आठ तासांत ९७.५ किलोमोल जमले पाहिजेत. साठ पट जमले तर भाजक मिनिटाचा राहिला आहे. नेमके दुप्पट जमले, तर पीएलसीतील (यंत्रे चालवणाऱ्या छोट्या संगणकातील) कार्यक्रम सेकंदाऐवजी अर्ध्या सेकंदाने धावत आहे आणि भाजक कोणी बदललेला नाही. दोन हा आकडा कोणत्याच एककाच्या गुणोत्तरात बसत नाही, म्हणून तो दिसताच इकडे वळावे.

रेंजचे प्रकरण अधिक नाजूक आहे. एका ठिकाणी जुना ट्रान्समीटर (मीटरचे वाचन विद्युत संकेतात पाठवणारे उपकरण) ० ते ३३६ नॉर्मल घनमीटर रेंजचा होता, आणि डीसीएसमध्ये (कंट्रोल रूममधील नियंत्रण-संगणकात) त्याची ० ते १५ किलोमोल ही रेंज बरोबर बसत होती. तो बदलून नवा बसवला तो ० ते ३०० चा, म्हणजे खरे तर ० ते १३.३८५ किलोमोलचा, डीसीएसमध्ये १५ तसेच राहिले. ऑपरेटरने पाच टक्के जादा हायड्रोजन धरून सेटपॉइंट (हवा असलेला प्रवाह) १२.८ ठेवला. स्क्रीनवर १२.८ स्थिर, आलेख सरळ रेषेत, आणि नमुन्यात मात्र न बदललेले नायट्रोबेंझीन. १२.८ म्हणजे पंधराचे ८५.३ टक्के, ३०० चे तेवढे टक्के म्हणजे २५६ नॉर्मल घनमीटर, म्हणजे ११.४२ किलोमोल. पाच टक्के जादा समजून सहा टक्के कमी हायड्रोजन जात होता. तेथे स्थिर गुणोत्तर १.१२ होते, आणि १.१२ हे काळाच्या, तापमानाच्या किंवा वार्षिक तासांच्या कोणत्याच यादीत नाही. अशा वेळी डीसीएसच्या तपशील-पडद्यावरचे टक्के आणि मिलिअँपिअर वाचावेत, ट्रान्समीटरच्या पाटीवरची किंवा कॅलिब्रेशन पत्रकावरची रेंज पाहावी आणि हिशेब कागदावर जुळवावा. वरच्या उदाहरणात ८५.३ टक्क्यांना १७.६५ मिलिअँपिअर यायला हवेत आणि तसे ते येतही होते, म्हणजे ट्रान्समीटर निर्दोष होता.

मीटर ओरिफिसचा असेल आणि गुणोत्तर भारानुसार बदलत असेल, तर वर्गमूळ किती वेळा काढले जाते ते पाहावे. एकदाही काढले नाही, तर खरा प्रवाह ५० टक्के असताना २५ दिसतो. ट्रान्समीटर आणि डीसीएस दोघांनीही काढले, तर ७०.७ दिसतो. पूर्ण भारावर दोन्ही वेळा आकडा बरोबरच येतो, म्हणून चाचणी कमी भारावर करावी.

कोठे थांबावे

चूक कागदात, लॉगशीटमध्ये किंवा एक्सेलमध्ये असेल, तर ती ज्याची त्याने दुरुस्त करावी. डीसीएसची रेंज, पीएलसीचा भाजक किंवा ट्रान्समीटर यांत सापडली, तर येथे थांबावे आणि इन्स्ट्रुमेंट इंजिनिअरला बोलवावे, पासवर्ड माहीत असला तरी. कारण साधे आहे: लूप (मीटर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची साखळी) ऑटोवर असताना कोणी १५ चे १३.३८५ केले, तर पडद्यावरचा प्रवाह क्षणात १२.८ वरून ११.४२ वर येतो, कंट्रोलरला तो खरोखर घटल्यासारखा वाटतो आणि तो व्हॉल्व्ह उघडतो. नायट्रोबेंझीनचे हायड्रोजनीकरण तीव्र उष्मादायी आहे; अडून राहिलेल्या नायट्रोबेंझीनवर अचानक जादा हायड्रोजन गेला तर तापमान कोठे जाईल, हे पाहण्याची ती वेळ नव्हे. लूप मॅन्युअलवर घेऊन, बदलाची लेखी मंजुरी घेऊन, आणि त्या आकड्यावर चालणारे गुणोत्तर-नियंत्रण, अलार्म व ट्रिप (धोक्याच्या वेळी प्लँट आपोआप थांबवणारी व्यवस्था) तपासूनच बदल व्हावा.

चुकीचा आकडा ट्रिपच्या सेटिंगमध्ये किंवा सेफ्टी व्हॉल्व्हच्या आकारमानाच्या हिशेबात वापरला गेल्याचे दिसले, तर दुरुस्तीची वाट न पाहता शिफ्ट इनचार्जला सांगून फीड थांबवावे आणि प्रोसेस सेफ्टीच्या माणसाला आणावे. वायू विकणाऱ्याच्या सीलबंद मीटरला हात लावू नये. तेथे तक्रार लेखीच करावी. हायड्रोजनच्या लाइनवरची इम्पल्स ट्यूबिंग (मीटरपर्यंत दाब नेणारी बारीक नळी) "जरा सैल करून पाहण्याचा" मोह कोणालाही होऊ नये.

येणाऱ्या इंजिनिअरच्या हातात एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर टॅग क्रमांक (उपकरणाचा ओळख क्रमांक), तीन वाचनांच्या वेळा, प्रत्येक वेळचे टक्के आणि मिलिअँपिअर, दोन्हीकडचे आकडे त्यांच्या एककांसह, आणि तिन्ही गुणोत्तरे एवढेच असावे. कारणाविषयीचा आपला तर्क त्यावर लिहू नये. तो तोंडी सांगावा, आणि तोही त्याने विचारला तर.